चालक देवळीत, कागद गावाकडे

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात बाहेरून माणसे येणे नवे नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत आणि नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावरच्या वाहतुकीत बाहेरच्या जिल्ह्यांतले, बाहेरच्या राज्यांतले हात राबतात. याच तालुक्यातल्या पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, तिथे देशभरातून बदल्या होऊन जवान येतात. मध्य प्रदेशाची सीमाही लांब नाही, त्यामुळे पलीकडच्या लेकी सुना होऊन इकडे नांदतात. या सगळ्यांचे घर बदलते, लायसन्सवरचा पत्ता मात्र जुनाच राहतो. तो बदलायचा म्हटले की अनेकांना पहिला सल्ला मिळतो तो असा : ‘आधी गावाकडच्या आरटीओतून कागद आणा.’ हा सल्ला कायद्याच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. माणूस स्थलांतर करतो तेव्हा त्याच्या नोंदी हलवण्याचे काम एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाशी बोलून करायचे असते. त्यासाठी माणसाला शेकडो मैल परत पाठवू नये.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३ निःसंदिग्ध आहे. देशात कुठेही दिलेले लायसन्स संपूर्ण भारतात चालते. म्हणजे बिहारमध्ये किंवा ओडिशात परीक्षा देऊन आलेल्या चालकाने वर्ध्यात नव्याने गाडी चालवून दाखवण्याचे कारण नाही. नूतनीकरणाचे कलम १५ तर आणखी पुढे जाते. कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याला नूतनीकरण करता येते आणि ते मूळ कार्यालयाने केलेले नसेल, तर नूतनीकरण करणाऱ्या कार्यालयाने मूळ कार्यालयाला तसे कळवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कळवण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकणारी ही तरतूद संगणक घरोघरी पोचण्याच्या आधीची आहे. २०१९च्या दुरुस्तीने राष्ट्रीय परवाना नोंदवहीची तरतूद झाली आणि २०२१मध्ये आधारच्या पडताळणीवर पत्ता बदलण्यासारख्या सेवा घरबसल्या देण्याचे धोरण आले. कायद्याची दिशा इतकी वर्षे एकच आहे.

तरीही गाडी अडते, ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण जुन्या लायसन्सचे. पुस्तिकेच्या किंवा साध्या कागदाच्या रूपात दिलेल्या अनेक लायसन्सची नोंद ‘सारथी’ या लायसन्सच्या संगणकीय प्रणालीवर चढलेलीच नाही. ती चढवण्याचे काम मूळ कार्यालयाचे, म्हणून धारकालाच तिकडे धाडले जाते. रोजंदारीवर जगणाऱ्या चालकाच्या दृष्टीने ही आठवडाभराच्या मजुरीची आणि कदाचित कामावरच्या जागेचीही किंमत असते. दुसरे ठिकाण पत्त्याच्या पुराव्याचे. भाड्याच्या खोलीत किंवा ठेकेदाराच्या वसाहतीत राहणाऱ्याच्या नावावर वीजबिल नसते, भाडेकरार लिहून दिलेला नसतो आणि आधारवर गावचाच पत्ता असतो. यावर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये उपाय आहे. नियम ४ प्रमाणे, सबळ कारणामुळे अन्य कागद देता येत नसतील तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून स्वीकारता येते. तहसीलदार हेच कार्यकारी दंडाधिकारी असल्याने हा मार्ग देवळीतच उपलब्ध आहे. पण तो कोणी सांगत नाही. ही पोकळी मग एजंट भरून काढतात आणि नियमाने मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे घेतात.

हा प्रश्न बाहेरून आलेल्यांचाच आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण मुदत संपलेल्या लायसन्सची झळ अखेर स्थानिकालाच बसते. मुदत संपून वर्ष उलटले की नूतनीकरणासाठी पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते. गावाला जाणे परवडत नाही म्हणून चालक नूतनीकरण टाळतो आणि तसाच टिप्पर चालवत राहतो. उद्या त्याच्या गाडीखाली देवळीचा एखादा शेतकरी आला, तर विमा कंपनी न्यायाधिकरणापुढे पहिला मुद्दा वैध लायसन्स नसल्याचाच काढते. भरपाईचा दावा त्यामुळे लांबतो. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर त्याच्या निलंबनाची नोटीसही भलत्याच दारात जाते. चालकाचा खरा पत्ता आणि चालू लायसन्स ही म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येकाची गरज आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे तो बनावट लायसन्सचा. मूळ कार्यालयाची खात्री न करता नोंद घेतली तर खोटे कागद खरे होतील, ही भीती रास्त आहे. खात्री झालीच पाहिजे. पण ती धारकाने हाती आणलेल्या कागदावरून करणे हाच सर्वांत कच्चा मार्ग आहे, कारण ज्याने लायसन्स बनावट केले तो मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्रही बनावट करू शकतो. वर्ध्याच्या कार्यालयाने मूळ कार्यालयाकडून थेट मागवलेले उत्तर त्याहून भरवशाचे. दुसरा आक्षेप असा की, बाहेरच्या चालकाला इथले रस्ते माहीत नसतात, मराठी येत नाही. कापूस-सोयाबीनच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, हे नवख्याला कळायला हवे, यात शंका नाही. मात्र रस्त्यावरची चिन्हे देशभर सारखीच आहेत आणि चाचणीचे नियमही केंद्राचेच आहेत. स्थानिक धोक्यांचे प्रशिक्षण कारखान्यांनी व वाहतूकदारांनी आपल्या सगळ्याच चालकांना द्यावे. पत्ता बदलायला आलेल्याला अडवल्याने ते साधत नाही.

सरकारला हे जमत नाही असेही नाही. २०२१मध्ये वाहनांसाठी ‘बीएच’ ही नोंदणी मालिका आली, तेव्हा सैनिक, सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे नोकर यांची राज्यागणिक फेरनोंदणीतून सुटका झाली. वाहनाच्या नोंदणीत तर राज्याच्या कराचाही प्रश्न गुंतलेला होता, तरी मार्ग निघाला. लायसन्समध्ये असा करही नाही. मग पुलगावच्या जवानाला गाडीबाबत मिळालेली सोय देवळीच्या कंत्राटी चालकाला लायसन्सबाबत का नसावी? युरोपीय संघातले सदस्य देश एकमेकांचे लायसन्स मान्य करतात. तिथे स्वतंत्र राष्ट्रांना जे साधते, ते एकाच कायद्याखालच्या राज्यांना अवघड असू नये.

म्हणून परिवहन विभागाने तीन गोष्टी कराव्यात. सारथीवर नसलेल्या लायसन्सची विचारणा वर्ध्याच्या कार्यालयाने स्वतः मूळ कार्यालयाकडे करावी आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तिला ठरावीक मुदत घालावी. प्रतिज्ञापत्राचा मार्ग खिडकीवर मराठीत व हिंदीत ठळक लावावा. आणि देवळी व पुलगाव इथे ठरलेल्या दिवशी शिबिर घेऊन पत्ताबदल व नूतनीकरणाचे अर्ज तिथेच घ्यावेत. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडला तर चालकाची मजुरीही बुडणार नाही. देवळीची मुलेही पुण्याला, हैदराबादला, सुरतेला पोटापाण्यासाठी जातात. तिथल्या खिडकीवर त्यांना मिळावी असे आपल्याला वाटते ती वागणूक आपल्या खिडकीवर इतरांना देणे, हे आपले कर्तव्य आहे आणि त्यासाठी लागणारा कायदा आधीच आपल्या हाती आहे.