पहिली रायफल

विजयादशमीला नागपुरात शस्त्रपूजन होते. रेशीमबागेच्या उत्सवापासून गल्लीबोळातील घरांपर्यंत हळदकुंकू वाहिले जाते, आपट्याची पाने ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र पुन्हा फडताळात जाते. पूजेचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. मात्र शस्त्राची खरी उपासना वर्षाच्या उरलेल्या दिवसांत होत असते. नेम धरणे, श्वास रोखणे, नळी पुसणे आणि झालेली चूक वहीत नोंदवणे, हे त्या उपासनेचे नित्यकर्म. अलीकडे या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. साहजिकच अनेक घरांत एक प्रश्न विचारला जाऊ लागला : मुलाला रायफल घ्यायची, तर कोणती?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. १८७८ मध्ये लिटनच्या राजवटीत शस्त्रास्त्र कायदा झाला आणि हिंदी माणसाच्या हातचे शस्त्र परवान्याच्या कचाट्यात सापडले. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. हा अपमान इतका झोंबणारा होता की राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतही या कायद्याविरुद्ध ठराव आले. नागपूरचे नेत्रवैद्य डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी याच दुखण्यावर आयुष्य वेचले. बोअर युद्धात वैद्यकीय सेवा केलेल्या या पुरुषाने गोलमेज परिषदेपासून भारतीय सैनिकी महाविद्यालयासाठी नेमलेल्या चेटवूड समितीपर्यंत सर्वत्र तरुणांच्या सैनिकी शिक्षणाचा आग्रह धरला आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय उभे केले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे संस्थापक लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. अहमदाबादेत वकिली केलेले हे मराठी गृहस्थ. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेसाठी खेळली जाणारी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. किती मराठी नेमबाजांना हे ठाऊक असेल?

त्या जुन्या कायद्याची सावली आजच्या बाजारातही दिसते. इंग्रज सरकारने सैन्याच्या .३०३ काडतुसाची बंदूक सामान्य प्रजेला नाकारली, म्हणून .३१५ या वेगळ्या मापाच्या रायफली प्रचारात आल्या. इशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल हा त्याच परंपरेचा वारसा. दणकट आणि विश्वासू हत्यार आहे ते, यात शंका नाही. पण ज्याला निशाणबाजीचा खेळ शिकायचा आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ५० मीटरची स्पर्धा फक्त .२२ मापाच्या काडतुसावर खेळली जाते. नवशिक्याच्या खांद्याला धक्का बसू लागला की चाप ओढण्याआधीच डोळा मिटायला शिकतो, आणि ही खोड एकदा लागली की काढता काढता वर्षे जातात.

बोल्ट रायफल म्हणजे काय, हे घरच्या दाराच्या खिट्टीवरून समजते. खिट्टी उचलून मागे ओढायची, काडतूस ठेवायचे, पुढे सरकवून खाली दाबायची. काडतूस नळीच्या तोंडाशी घट्ट कोंडले जाते. दर गोळीला ही क्रिया हाताने करावी लागते. घाईच्या माणसाला ही अडचण वाटेल. निशाणबाजाला तिचाच लाभ होतो, कारण कुलूप पक्के असल्याने प्रत्येक गोळी सारख्याच परिस्थितीत सुटते आणि दोन गोळ्यांच्या मध्ये मन स्थिर करायला सवड मिळते. १८९८ च्या माऊझर रायफलीने ही रचना जगभर नेली. आजच्या स्पर्धेच्या रायफली एका वेळी एकच काडतूस घेतात. राष्ट्रीय छात्रसेनेत .२२ ची ‘डिलक्स’ रायफल हाताळलेल्या हजारो मुलामुलींना ही खिट्टी परिचित आहे. अंजली भागवत यांचा प्रवासही छात्रसेनेतूनच सुरू झाला.

तेव्हा पहिली रायफल कोणती? सर्वांत शहाणपणाचे उत्तर पालकांना आवडत नाही : पहिली रायफल विकत घेऊच नये. ती संस्थेची असावी. आरंभ तर १० मीटरच्या एअर रायफलीनेच व्हावा. .१७७ मापाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तिच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो; ज्याचा हात तेथे स्थिरावला, त्याला ५० मीटरवरचा १०.४ मिलिमीटरचा दहा, सदऱ्याच्या गुंडीएवढा, परका वाटत नाही. .२२ चा सराव वयाच्या १२ व्या वर्षापासून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करता येतो. साधा परवाना २१ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि त्यासाठी नागपूर शहरात पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढावी लागते. मधली वर्षे वाया जातात असे मुळीच नाही. त्या वर्षांत संस्थेच्या दोनचार रायफली हाताळून आपल्या शरीराला काय मानवते ते कळते.

कारण रायफल ही चपलेसारखी असते, दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. दस्ता लांब असला तर मान पुढे ताणावी लागते, आखूड असला तर अंगठा नाकाशी येतो. गाल टेकण्याची पट्टी वरखाली होते की नाही, दस्त्याची मागची पट्टी सरकते की नाही, हे नळीवर कोरलेल्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाचे. पुरुषांच्या स्पर्धेत वजनाची कमाल मर्यादा ८ किलो आहे, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती ८ किलो देणारे पालक आहेत. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत वीस वीस गोळ्या त्याच वजनाने झाडायच्या आहेत, याचा विचार दुकानात कोण करतो? डावखुऱ्या मुलाला उजवी खिट्टी देऊन ‘सवय होईल’ म्हणणे हा तर अन्यायच. दुर्बीण बसवलेली रायफल दिसायला रुबाबदार, परंतु ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्रातून पाहण्याची दृष्टी कमवावी लागते. जर्मनीतील उल्म शहरच्या आन्शुट्झ किंवा वाल्थरची वापरलेली, नळी चांगली राहिलेली रायफल नव्या चकचकीत मालापेक्षा अनेकदा बरी ठरते. मात्र परदेशी रायफल मिळवण्याचा मार्ग रायफल संघटनेतील नोंदणी आणि स्पर्धेतील कामगिरी यांवरून जातो. तेथे आडवाट शोधू नये.

खर्चाचा हिशेबही बहुतेक जण उलटा करतात. रायफल एकदा घ्यायची असते. काडतुसे मात्र रोज लागतात. एकाच कंपनीच्या काडतुसांची एक खेप एका नळीला मानवते, दुसरी मानवत नाही. म्हणून वेगवेगळ्या खेपा ५० मीटरवर झाडून, कोणत्या खेपेची भोके सर्वांत दाट पडतात ते पाहून, मग साठा घेतात. शिक्षक असलेल्या वडिलांनी स्वप्नीलच्या काडतुसांसाठी कर्ज काढल्याची हकिकत पदकानंतर वृत्तपत्रांतून आली. कौतुकाने वाचली गेली ती, पण वस्तुतः ती आपल्या व्यवस्थेची लाज सांगणारी होती. स्वप्नील शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, रेल्वेने त्याला नोकरी दिली, दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षिका त्याला लाभल्या; एवढे असूनही काडतुसासाठी कर्ज! ज्याच्यामागे यातले काहीच नाही, त्या गडचिरोलीच्या किंवा वाशीमच्या मुलाने काय करावे?

शस्त्राचा सोस आणि शस्त्राची साधना यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हेही आपल्याच समाजाला स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे. मिरवणुकीत बंदूक उंचावून छायाचित्र काढणारा तरुण शूर नव्हे. वाढदिवसाला हवेत गोळी झाडणारा तर गुन्हेगारच. नेमबाजीच्या मैदानावर पहिला धडा असतो तो नळी कोणाकडेही न रोखण्याचा आणि खिट्टी उघडी ठेवून रायफल खाली ठेवण्याचा. सूचनेवाचून हात लावणाऱ्याला प्रशिक्षक घरी पाठवतो. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात जाड कॅनव्हासचे जाकीट अंगात घालून, घाम डोळ्यांत उतरत असता, चाळीस मिनिटे एकाच काळ्या वर्तुळाकडे पाहणारी मुलगी पाहिली की संयम कशाला म्हणतात ते समजते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी नेमबाजांना मनाच्या एकाग्रतेचे शास्त्र शिकवले, ते योगाच्या आधारे. ही आपलीच विद्या.

नागपूरने या बाबतीत पुढे यायला हरकत कसली? आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, त्यांतील यंत्र इंडियाचे मुख्यालय अंबाझरीला आहे. धातुकामाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब या शहराच्या वेशीवर नांदते. तोफगोळ्यांची कवचे घडवणारा देश ऑलिंपिकसाठी .२२ ची नळी आणि काडतूस परदेशातून आणतो, हे स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या प्रत्येकाला टोचले पाहिजे. तशी रायफल भारतात घडायला वर्षे लागतील, हे मान्य. तोवर शहरातील संस्थांनी, माजी सैनिकांनी आणि उद्योजकांनी मिळून वेगवेगळ्या मापांच्या दहा चांगल्या रायफली एका कायदेशीर शस्त्रागारात ठेवाव्यात, सोबत वर्षभराच्या काडतुसांची तजवीज करावी आणि निवडचाचणीत उतरलेल्या मुलामुलींना त्या सरावासाठी द्याव्यात. डावखुऱ्यांसाठी त्यांत निदान एक असावी.