डबी लपवावी का लागते?

रात्री जेवण झालं की एक गोळी आणि घोटभर पाणी. एचआयव्हीचा रोजचा उपचार आज बहुतेकांसाठी एवढाच उरलाय. गोळीचं नाव टीएलडी. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधं तिच्यात एकत्र असतात. सरकारी एआरटी केंद्रात ती फुकट मिळते.

तीन कशाला, एक का नाही? हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो, आणि त्यातलीच एखादी चूक त्याला औषधाच्या तावडीतून सोडवते. तिघांना एकाच वेळी चकवणं मात्र त्याला जड जातं. १९९६च्या सुमारास हे नीट कळलं, पण तेव्हाचा उपचार म्हणजे दिवसभराची ड्यूटीच होती. मूठभर गोळ्या, प्रत्येकीची वेळ वेगळी. त्यातली इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, शक्यतो उपाशीपोटी, वर भरपूर पाणी, नाहीतर मुतखड्याची भीती. सकाळी सातच्या लेक्चरला पळणाऱ्यानं हे कसं सांभाळायचं? डोस चुकत राहिले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर, तो वेगळाच.

गोळ्या एकत्र करण्यात अडचण विज्ञानापेक्षा मालकीची जास्त होती. तीन औषधं, पेटंट वेगवेगळ्या कंपन्यांकडे. आपल्या १९७०च्या कायद्यात मात्र पेटंट औषधाला नाही, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं. म्हणून मुंबईच्या सिप्लाला तीन औषधं एका गोळीत बसवता आली. ती 'ट्रायोम्युन', दिवसातून दोनदा घ्यायची. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभरातले भाव कोसळू लागले. तिच्यातल्या स्टाव्हुडिननं पायांना मुंग्या यायच्या, गाल बसायचे, हेही खरं. ते पुढे मागे पडलं. आपल्याकडे १ एप्रिल २००४पासून सरकारी मोफत उपचार सुरू झाले.

आता मुद्द्यावर येऊ. गोळी नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. उपचार इतका सोपा झाला, तरी हॉस्टेलच्या खोलीत ती डबी कपड्यांखाली जाते. लेबल खरवडलं जातं. रूममेट जागा असला की आजचा डोस राहतो. इतक्या वर्षांच्या मेहनतीनं सोपी केलेली गोळी आपल्या कुजबुजीमुळे चुकते, आणि ते आम्हाला अजिबात मान्य नाही.

२०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. कॉलेजप्रवेश, नोकरी, भाड्याची खोली यांत भेदभाव करायला त्यात बंदी आहे, आणि एखाद्याचा एचआयव्ही परस्पर जाहीर करायलाही. किती रेक्टरांना हे माहीत असेल?

१ डिसेंबरला रेड रिबन क्लबची रांगोळी होईलच, सेल्फीही. त्यासोबत हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर या कायद्यातल्या चार ओळी आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर तेवढा लावा. आणि रूममेटच्या उशाशी एखादी डबी दिसली, तर तिचं लेबल वाचू नका.