एक मिस्त्री, तीन वायदे

आपल्या फर्निचर आणि फॅब्रिकेशनच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. हाताशी चांगला मिस्त्री एकच; पण त्याच आठवड्याचा वायदा आपण तीन गिऱ्हाइकांना देऊन बसतो. काही बांधव आता कामाचे वेळापत्रक संगणकावर, 'मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट'सारख्या प्रोग्रॅमवर आखतात. हे चांगलेच आहे. माणसावर १०० टक्क्यांहून अधिक काम पडले की यादीत त्याचे नाव लाल अक्षरांत दिसते. मात्र प्रत्येक कामाची फाइल सुटी ठेवली, तर तोच मिस्त्री तिन्हीकडे मोकळा दिसतो! म्हणून कारागिरांची यादी एकच ठेवावी आणि सर्व फाइली तिला जोडाव्यात. प्रत्येक कामाला ० ते १००० पर्यंत अग्रक्रमाचा आकडा देता येतो. 'लेव्हलिंग' केले की कमी आकड्याचे काम पुढे ढकलले जाते. पण तो आकडा मालकालाच ठरवावा लागतो. मिस्त्रीला रात्रंदिवस राबवून तारीख गाठली, तर काम बिघडते आणि एक दिवस माणूसही सोडून जातो. आमच्या मते, गिऱ्हाइकाला खरी तारीख आधीच सांगावी. धंद्याची अब्रू त्यातच आहे.