न दुखणारी जखम



दर आठवड्याला आपण या जागी पिकापाण्याच्या, गुरावासरांच्या गोष्टी करतो. आज ते सारे बाजूला ठेवून मी माझ्या डाव्या पायाची गोष्ट सांगणार आहे. सांगायला थोडी लाज वाटते, कारण तीत शहाणपण सगळे मित्रांचे आहे आणि मूर्खपणा सगळा माझा. पण ज्यांच्या घरात कुणाला साखरेचा आजार आहे, त्यांनी ती शेवटपर्यंत वाचावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना नातवंडांनी वाचून दाखवावी.

गोष्ट 2022 सालच्या जूनमधली. मला साखर लागल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. गोळी चालू होती. म्हणजे आठवण झाली की घ्यायचो. सोयाबीनच्या पेरणीचा दिवस होता. वहाणेत माती जाते म्हणून वहाणा बांधावर काढून ठेवल्या आणि दिवसभर पाभरीमागे चाललो. संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. तेवढ्यात कारभारीण म्हणाली, "अहो, ओसरीवर हे रक्ताचे ठसे कुणाचे?"

मी पोरांचे पाय पाहिले, गड्याचे पाहिले. सगळ्यात शेवटी स्वतःचा पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली बाभळीचा काटा मोडून बसला होता. कधी मोडला, मला पत्ता नव्हता. आणि मंडळी, त्या वेळी मला भीती वाटली नाही, उलट अभिमान वाटला. म्हटले, शेतकऱ्याचा पाय आहे, काट्याला कुठला दाद देतोय!

काटा काढला, हळद-तेल लावले. आठ दिवसांनी चुना लावला. मग कुणी सांगितले म्हणून तंबाखूची चिमूट दाबली. वरून खपली धरायची, आतून ओल तशीच. दुखत नव्हते म्हणून फडके गुंडाळायचे आणि कामाला लागायचे, असा महिना गेला. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते असे म्हणतात. हे दुखणे येतानाही मुंगीच्याच पावलाने आले.

संध्याकाळी पारावर बसायची आमची चौघांची जुनी बैठक आहे. तात्या, बापू, मास्तर आणि मी. त्या आषाढात मी जाऊन बसलो की शेजारचा माणूस थोडा सरकून बसायचा. मला वाटायचे, माझ्या विडीच्या धुराला कंटाळले असतील. एके दिवशी तात्या माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. दारात थांबून खाली बघत म्हणाला, "आप्पा, राग मानू नको. तुझ्या पायाला वास येतोय."

मला राग आला. मी म्हणालो, "काही दुखत नाही मला."

"दुखत नाही, याचीच काळजी वाटतेय," तात्या म्हणाला. "उद्या सकाळच्या गाडीनं जायचं. मास्तरांशी बोललोय मी."

माझ्या आधी तो मास्तरांशी बोलला होता! पण त्यामुळेच मला नाही म्हणता आले नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि तशीच जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला खाटेवर निजवले आणि म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. मी तळव्याला नायलॉनचा धागा टेकवते. टेकला की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने विचारले, "बाई, सुरू कधी करताय?" त्या म्हणाल्या, "काका, दोन्ही पायांचं झालंसुद्धा."

त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला.

मग त्यांनी समजावून सांगितले. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात आणि बोच, चटका, काही कळेनासे होते. त्याच साखरेने आणि विडीने रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. मी कालव्याच्या टेलचा शेतकरी आहे असे कळल्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग तुम्हाला सांगायलाच नको. पाटात गाळ साचला की पहिलं कुणाचं रान वाळतं? टेलच्याचं. शरीराचं टेल म्हणजे पायाची बोटं. रक्त पुरेसं पोचत नाही म्हणून जखम भरत नाही, आणि साखरेमुळे जंतूंना तिथं बरकत येते."

एक्स-रे काढला. बोटाचे हाड आतून सडले होते. बाई म्हणाल्या, बोट काढावे लागेल.

मी म्हणालो, "कोळपणी तोंडावर आहे. तेवढी होऊ द्या, मग बघू."

त्यांनी शांतपणे सांगितले, "काका, आज मी बोट म्हणतेय. कोळपणी झाल्यावर आलात तर कदाचित घोटा म्हणेन. पोळ्यानंतर आलात तर गुडघा."

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तिघे बाकावर बसले होते. मी म्हणालो, "चला घरी." खरे सांगतो, मला कोळपणीची काळजी नव्हती. मला भीती वाटत होती. आमच्या गावात ज्याचा पाय कापला तो माणूस पुन्हा शिवारात दिसला नव्हता. आज बोट म्हणतात, आत नेल्यावर काय काय कापतील, कोण विचारणार? आणि पांगळा होऊन पोरांच्या ओसरीवर बसायचे, त्यापेक्षा मेलेले काय वाईट, असे सगळे मनात येत होते. ते मी बोललो नाही. पण लहानपणापासून ओळखणाऱ्याला बोलून दाखवावे लागत नाही.

तिघांपैकी कुणी मला धीराचे भाषण केले नाही. बापूने फक्त विचारले, "तुझ्या तीन एकराला कोळपायला किती जोड्या लागतील?" मी म्हणालो, "चार-पाच जोड्या असल्या तर एका दिवसात होईल." "मग रविवारी इर्जिक घालू," बापू म्हणाला, "तुझं कारण मिटलं."

मास्तर उठून आत गेले. संमतीचा कागद मागून घेऊन त्यांनी तो मला सावकाश, शब्द न शब्द वाचून दाखवला. मग डॉक्टरबाईंना तीन प्रश्न विचारले. जखम भरण्याएवढे रक्त पायात उतरते का? नेमके किती काढणार? आणि हा पुन्हा चालेल का? बाईंनी रक्ताचा प्रवाह मोजणारी तपासणी करून दाखवली. प्रवाह कमी होता, पण बोट काढल्यावर जखम भरण्याएवढा होता. फक्त ते एक बोट आणि सडलेले हाड काढायचे, आणि नीट सांभाळले तर आपल्या पायाने चालाल, असे त्यांनी सांगितले. मी सही केली. तात्या काहीच बोलला नाही. त्याने घोंगडी पसरली आणि म्हणाला, "मी इथंच झोपणार."

चार दिवस इन्शुलिन आणि जंतू मारणारी औषधे देऊन साखर खाली आणली. मग कमरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया झाली. मी जागा होतो. दुखले काहीच नाही. कारभारीण भेटायला आली, पट्टीकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं, जोडवी पुरुषांना घालावी लागत नाहीत." सगळी खोली हसली. मी पण हसलो.

इथे गोष्ट संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण बाई म्हणाल्या, "माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तुमचं. जखम भरेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही." मंडळी, खरी अवघड शस्त्रक्रिया ती होती. जखम दुखत असती तर मी आपोआप बसलो असतो. दुखत नव्हते, मग बसणार कसा?

घरी आल्यावर बाराव्या रात्री गोठ्यात वासरू हंबरले म्हणून मी चालत गेलो. मोजून वीस पावले. सकाळी पट्टी लाल. टाके उसवले होते. पुन्हा जिल्ह्याला जाऊन यावे लागले. त्या संध्याकाळी तात्या आला, माझ्या दोन्ही वहाणा उचलल्या आणि स्वतःच्या घरी घेऊन गेला. म्हणाला, "आता अनवाणी पळतोस का बघतो. पळालास तर दसऱ्याला सोनं द्यायला येणार नाही."

मास्तरांनी वही घातली. सकाळची साखर किती, जेवणानंतरची किती, पट्टी कधी बदलली, सगळे तारखेनिशी. गोळी घेतली का, हे ते रोज विद्यार्थ्याला विचारावे तसे विचारायचे. बापू धार काढून द्यायचा. मी शस्त्रक्रियेसाठी पडलो होतो त्या रविवारी इर्जिक झाली होती. पाच जोड्या आणि दोन पाळ्या. कारभारणीने आणि सुनेने सगळ्यांना जेवू घातले. त्या जेवणाला मी वाढायला नव्हतो, याची हळहळ अजून आहे. पुढे सोयाबीनची रासही त्यांनीच केली. जखम भरली ती दसऱ्याच्या सुमारास. तात्या सोने घेऊन आला, आणि दुसऱ्या हातात माझ्या वहाणा होत्या.

बरा झाल्यावर मास्तरांनी मला एक खरी गोष्ट सांगितली. डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक 1946 मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला आले आणि पुढे महारोग्यांची सेवा करू लागले. त्या रोगाने बोटे आपोआप झडतात, असे तेव्हा लोक मानत. ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. दुखणे कळत नाही म्हणून हात-पाय भाजतात, कापतात, घासतात आणि मग जातात. काही रोग्यांच्या बोटांचा तुकडा रातोरात नाहीसा व्हायचा. पहारा ठेवून पाहिले तर उंदीर येऊन कुरतडत होते आणि झोपलेल्याला कळत नव्हते. मग तिथल्या रोग्यांना मांजरे पाळायला दिली. पुढे अमेरिकेत काम करताना ब्रँड यांना साखरेच्या रोग्यांच्या बधिर पायांतही हेच दिसले.

ही गोष्ट ऐकून मला माझे कळले. दुखणे म्हणजे शरीराचा राखणदार. आपण त्याला शिव्या देतो, पण तो ओरडतो म्हणून आपण वाचतो. माझ्या पायाचा राखणदार मेला होता. त्याच्या जागी तात्याने ओरडायचे काम केले. मित्राची मदत म्हणजे पैसा आणि औत, हे आपल्याला माहीत आहे. पण तोंडावर "वास येतोय" म्हणणे ही त्याहून मोठी मदत होती. ते बोलायला त्याला इर्जिकीपेक्षा जास्त बळ लागले असेल.

आता तुमच्यासाठी चार शब्द. साखरेचा आजार असलेल्याने रोज रात्री दोन्ही पाय उजेडात पाहावेत, तळवे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. पोरांची नजर तीक्ष्ण असते. अनवाणी चालू नये, रानात नाही, घरात नाही आणि वारीच्या तापल्या डांबरावर तर नाहीच. वहाण घालण्याआधी झटकून आत हात फिरवावा. पाणी किती गरम आहे ते पायाने पाहू नये, कोपराने पाहावे. थंडीत शेकोटीला पाय शेकू नयेत. भाजलेले कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये. धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात. तेल तळव्याला लावावे, बेचक्यांत नको. विडी-तंबाखू सोडावी, मी सोडली, उशिरा सोडली.

आणि बधिर पायाला लहान जखम झाली तरी डॉक्टरला दाखवावी. लाली, सूज, वास, पू, काळेपणा किंवा ताप, यातले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी जावे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आपले दुखणे तीत बसते का, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे.

शेवटचे सांगणे ज्यांना हा आजार नाही त्यांना आहे. तुमच्या पारावर कुणी पाय ओढत येत असेल, फडके गुंडाळून येत असेल, तर सरकून बसू नका. त्याच्याबरोबर घरापर्यंत चाला आणि खरे काय ते सांगा. तो रागावेल, रागावू द्या. वहाणा मात्र उचलून आणा.

येतो तर मग. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिकापाण्याचे बोलू. रामराम!