नुसता सल्ला नको, रजा हवी

‘सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या,’ असं मी वॉर्डात प्रत्येक बाळंतिणीला सांगायचे. सल्ला बरोबरच होता. पहिल्या तासातला चीक बाळाला रोगांपासून जपतो, पुढे जुलाब आणि न्यूमोनिया कमी होतात. पाजल्याने आईचं गर्भाशय आकुंचन पावतं, स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही घटतो.

वस्तीत फिरू लागले तेव्हा दिसलं, की कंत्राटी सफाई कामगार भगिनी दीड महिन्यातच झाडू हाती घेते आणि बाळाला पाणी घातलेलं वरचं दूध मिळतं. दोष तिचा नाही. घरी बसली तर मजुरी बुडते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. आज कायद्याने वर्षात ८० दिवस काम केलेल्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला रोज दोन सुट्ट्या आहेत. कंत्राटदार हे सांगत नाही. घरकामगार भगिनी तर या कायद्यातच नाहीत.

विहारातल्या महिला मंडळांनी बाळंतिणीसोबत जाऊन रजेचा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. घरकामगारांसाठी ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

जयभीम!