चंद्रावर गेलो, पण डास...?

गौरी-गणपतीला घर भरलेलं होतं. आरती झाली, जेवणं झाली, सगळे ओटीवर गप्पा मारत बसले आणि नेमकी लाईट गेली. आमच्या घिवलीत ही गंमत नेहमीची. शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून उभं, आणि आम्ही मेणबत्ती शोधतोय! पंखा बंद पडताच डासांनी फौजफाटा घेऊन हल्ला केला. तेव्हा आमचा पुतण्या पायावर चापट मारत म्हणाला, "काकू, बघा आपल्या शास्त्रज्ञांची कमाल! चंद्रावर यान उतरवलं, पण एक डास काही मारता येत नाही!"

सगळे हसले. मी हसले नाही. तेव्हा वादही घातला नाही, सणाचा दिवस होता. पण हे वाक्य मी लग्नात, गाडीत, मोबाईलवर आलेल्या निरोपांत इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकते. पुतण्या हे वाचणार आहेच. वाच बाबा, आणि रागावू नकोस.

मी विज्ञानाची बाई नव्हे. बी.ए. मराठी. पण वाक्य खोटं आहे हे ओळखायला भाषा पुरते.

पहिली गोष्ट. चंद्र आणि डास हे एका तराजूत घालायचे पदार्थच नाहीत. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं. त्याआधीचं २०१९ मध्ये पडलं होतं. या चार वर्षांत शास्त्रज्ञांनी चुका शोधल्या, सुधारणा केल्या. त्या काळात चंद्राने काय केलं? काहीही नाही! त्याचं गुरुत्वाकर्षण होतं तेवढंच राहिलं. डास तसा बसून राहत नाही. त्याच्यावर डीडीटी मारा, शंभरातले नव्याण्णव मरतील. उरलेला एक ज्या गुणामुळे जगला तो गुण तो पोराबाळांना देतो, आणि काही वर्षांत सगळी वस्तीच डीडीटीला दाद देईनाशी होते. चंद्राशी गणित मांडता येतं. डासाशी बुद्धिबळ खेळावं लागतं, आणि तो दर पावसाळ्यात नवा डाव मांडतो.

दुसरी गोष्ट. डासावर संशोधन झालंच नाही, असं या वाक्यात गृहीत धरलंय. अहो, ते तर आपल्याच देशात झालं! २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. चांद्रयानाच्या तारखेच्या तीनच दिवस आधीची ही तारीख, पण तिचा उत्सव कोणी करत नाही. हुसेन खान नावाच्या रुग्णाने ते डास स्वतःला चावू दिले होते, दर डासामागे एक आणा घेऊन. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. हुसेन खानाचं नाव शाळेत मीही कधी शिकवलं नाही.

मुंबईत १९११ साली बेंटले नावाच्या डॉक्टरने अहवाल दिला की शहरातला हिवताप पसरवणारा डास वाढतो तो विहिरींत आणि टाक्यांत. म्हणजे गटारात नव्हे, चांगल्या पाण्यात! उघड्या विहिरी झाका किंवा बुजवा, असं ठरलं तेव्हा धर्माच्या नावाने केवढा विरोध झाला. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी "आमच्याकडे स्वच्छता असते, आमच्याकडे कसले डास!" असं म्हणणाऱ्या बायका मला आजही भेटतात.

आणि आकडे बघा. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास आली. साडेसात कोटींवरून एक लाख! हे चंद्रावर जाण्यापेक्षा कमी आहे का? आणि मग १९७६ मध्ये नोंद झाली ६४ लाखांवर. विज्ञान विसरलं गेलं होतं का? नाही. रोग गेला असं समजून पैसा आणि लक्ष दुसरीकडे वळलं, औषधाचा पुरवठा रखडला, डास डीडीटीला निर्ढावले, आणि लोक कंटाळले.

लोक म्हणजे कोण, ते सांगते. मी.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं, शाळेत नोकरीही नवीन. गणपतीसाठी आम्ही घराला चुना काढला होता. दोन दिवसांनी पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले दारात आले. सासूबाई आत होत्या. मी, घरातली शिकलेली सून, उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "आत्ताच भिंती रंगवल्यात, पुढच्या वेळी या." त्या माणसाने वाद घातला नाही. दारावर खडूने काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेला.

ऑक्टोबरात धाकट्या दिरांना थंडी वाजून ताप आला. एक दिवसाआड तीन-तीन गोधड्या अंगावर. रक्त तपासणीला नेलं, त्याचा निकाल येईपर्यंत ते अर्धे झाले होते. कडू गोळ्यांनी बरे झाले, पण दोन महिने शाळा बुडली आणि मार्चमध्ये दहावी गेली. एक वर्ष गेलं. त्यांना चावलेला डास आमच्याच पांढऱ्याशुभ्र भिंतीवर बसला होता का? सांगता येणार नाही. म्हणूनच ते आजवर डोक्यातून जात नाही. त्याच दिरांचा मुलगा परवा ओटीवर ते वाक्य बोलला.

आता तिसरी गोष्ट. या वाक्यात एक आरोप लपलेला आहे, की दुर्बिणी-उपग्रहांचे खेळ थांबवून तो पैसा डासांवर लावा. ऐकायला छान वाटतं. पण ज्ञानाचे डबे स्वयंपाकघरातल्यासारखे वेगवेगळे नसतात, की हळदीचा मसाल्यात जाऊ नये. कोबाल्टच्या किरणांनी नर माश्या वांझ करून सोडायच्या, त्यांच्याशी जोडी जमवलेल्या माद्यांची अंडी फुकट जातात, ही युक्ती अणुविज्ञानातून आली. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर गुरांना छळणारी स्क्रूवर्म माशी अशीच संपवली. डासांवरही तीच युक्ती करून बघताहेत. आणि मनू प्रकाश हे आपल्या मेरठचे. त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिलं की साध्या मोबाईलवर डासाची गुणगुण टिपली तरी तो कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. पंखांची फडफड प्रत्येक जातीची वेगळी, सेकंदाला शेकडो वेळा, पेटीच्या स्वरांसारखी! पदार्थविज्ञान, दळणवळणाचं तंत्र आणि डास, तिन्ही एका खिशात.

नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी मी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पण भरीव पत्र्याऐवजी तारांच्या जाळीच्या. खर्च कमी, वारा आरपार. दूरदूरच्या तबकड्यांना आलेला क्षीण संदेश काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणतात. त्या दुर्बिणीने एकही डास मारलेला नाही, हे कबूल. पण गोंगाटातून बारीक आवाज वेचायचा कसा, हे शिकलेली मुलं तिथून बाहेर पडतात. ती पुढे कुठला आवाज ऐकतील, हे आपण आज कोण ठरवणार?

पुतण्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. शास्त्रज्ञ लोकांशी नीट बोलत नाहीत, ही तक्रार खरी आहे. सत्तरच्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर मिळून डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे प्रयोग करत होते. १९७४ मध्ये वृत्तसंस्थेने बातमी दिली, जैविक युद्धाचा संशय उठला, प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि १९७५ मध्ये सोनिपतला डास सोडण्याचा प्रयोग ऐनवेळी रद्द झाला. काम बरं होतं की वाईट, हा वाद वेगळा. पण ज्यांच्या दारात डास सोडायचे त्यांना आधी विश्वासात घ्यायला नको का?

तरीही माझा राग शास्त्रज्ञांवर नाही. आपल्यावर आहे. मी तीस-बत्तीस वर्षं मुलांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, इंजिनियर, शेवटी शेवटी 'इस्रोत जाणार' म्हणणारेही भेटले. घरोघर फिरून पिंपात बॅटरी मारून अळ्या बघणारा आरोग्यसेवक होणार, असं एकही मूल म्हणालं नाही. कसं म्हणेल? तो दारात आला की आपण सांगतो, "घरात कोणी नाही." यान उतरताना आपण टीव्हीपुढे हात जोडून बसतो, आणि आशाताई कोरडा दिवस पाळा म्हणाली की तिला हसतो. ती स्क्रूवर्म माशी पनामापर्यंत मागे रेटली होती. २०२४ मध्ये ती पुन्हा मेक्सिकोत पोचली. उड्डाण एकदा होतं, पहारा रोजचा असतो. आपल्याला उड्डाण आवडतं.

असो. गणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी तावातावाने घर तपासायला निघाले. होड्यांवरच्या ताडपत्र्या, अंगणातले टायर, बोईसरला पुतण्याच्या बाल्कनीत असतं तसं निळं पिंप, सगळ्यांची नावं मनात तयार होती. ओटीवर, जिथे आम्ही बसलो होतो तिथेच, खिडकीत मनीप्लांटची बाटली आहे. माझीच, हौसेने लावलेली. उजेडात धरली तर आत अळ्या वळवळत होत्या. किती आठवडे पाणी बदललं नव्हतं, आठवेना.

बाटली अंगणात ओतली, आतून घासली, उन्हात ठेवली. एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही.

आता रविवार हा माझा कोरडा दिवस. तुम्हीही तुमचा वार ठरवा आणि मला कळवा. आणि पुतण्या, तुझ्या बाबांना विचार, दहावीला एक वर्ष कसं गेलं ते. भिंतीची गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नाही. ती आज पहिल्यांदाच सांगते आहे.