मुदत लावणाऱ्याचे उत्तरदायित्व

खेड तालुक्यातील निघोजे, महाळुंगे व खराबवाडी या गावांच्या शिवारात फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना 2009 साली सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच कंपनीच्या जर्मनीतील संशोधन विभागाने सिद्ध केलेली ‘सॉकेटकॅन’ ही संदेशवहनाची व्यवस्था लिनक्सच्या 2.6.25 या आवृत्तीत दाखल झाली. पहिल्या घटनेने चाकणच्या या पट्ट्याचे रूप पालटण्यास हातभार लावला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. दुसरीने मोटारीच्या अंतर्गत संदेशवहनाचे दप्तर जगातील कोणाही विद्यार्थ्यासमोर खुले केले. त्या दप्तरात 2021 साली एक लहानशी दुरुस्ती रुजू झाली असून, ती येथील प्रत्येक संगणक-अभियंत्याने आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक अध्यापकाने बारकाईने अभ्यासावी, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

मोटारीतील इंजिन, ब्रेक, दिवे यांचे नियंत्रक ‘कॅन’ नावाच्या सामाईक तारेवरून परस्परांशी बोलतात. या तारेवरील मूळ पद्धतीच्या एका संदेशात केवळ 8 बाइट मावतात. म्हणून दोषनिदानासारखा दीर्घ मजकूर तुकडे पाडून पाठवावा लागतो आणि घेणाऱ्याने ‘पुढचे येऊ द्या’ अशी अनुज्ञा मध्येमध्ये द्यावी लागते. पुढचा तुकडा आलाच नाही तर अनंतकाळ तिष्ठत राहणे परवडणारे नसल्यामुळे लिनक्सचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एका सेकंदाची मुदत लावतो, आणि मुदत संपताच अमुक काम करावे असे आधीच सांगून ठेवतो. मुदतीला टायमर म्हणतात, तर त्या सांगून ठेवलेल्या कामाला कॉलबॅक. येथवर सारे सरळ आहे; खरी अडचण अशी की, कॉलबॅक स्वतःच्या वेळेला उठतो, प्रोसेसरच्या निराळ्याच कोअरवरही चालू शकतो, आणि ज्या क्षणी मूळ कार्यक्रम संदेशवहनासाठी उघडलेली जोडणी आटोपून तिची मेमरी परत करीत असतो, नेमका तोच क्षण त्याच्याही वाट्याला येऊ शकतो.

जप्तीचा हुकूम कचेरीत रद्द व्हावा, परंतु तो घेऊन बेलिफ आधीच निघालेला असावा, आणि तो पोहोचेपर्यंत त्या घरात दुसरेच निरपराध कुटुंब राहावयास आलेले असावे, तशी ही आपत्ती आहे. परत केलेली मेमरी कर्नेल तत्काळ दुसऱ्या कामाला देऊ शकतो. उशिरा आलेला कॉलबॅक तेथे जुन्याच समजुतीने लिहितो, आणि मग यंत्रणा कोसळते, किंवा एखाद्या कुशल आक्रमकाला आत शिरण्यास वाट मिळते.

दीर्घ संदेशांची ही पद्धत, जिला ‘आयएसओ-टीपी’ म्हणतात, 2020 च्या डिसेंबरातील 5.10 या आवृत्तीपासून लिनक्समध्ये आहे. जोडणी बंद करताना तिच्यात आधी टायमर रद्द होत आणि त्यानंतर येणाऱ्या संदेशांची नोंदणी काढली जाई. या दोन पायऱ्यांच्या मध्ये एखादा तुकडा येऊन ठेपला, तर तो स्वीकारणारे फंक्शन आपले कर्तव्य चोख बजावीत नवी मुदत लावून मोकळे होई. आणि ती रद्द करणारे पाऊल तर आधीच पडून गेलेले असे. 2021 च्या दुरुस्तीने हा क्रम फिरवला: प्रथम नोंदणी काढावयाची, मग हाती घेतलेले संदेश पुरते निकालात निघेपर्यंत थांबावयाचे, आणि त्यानंतरच टायमर रद्द करावयाचे. अंकगणित तेच राहिले. बदलला तो समाप्तीचा अनुक्रम, आणि भर पडली ती मधल्या थांबण्याची.

मुदतींचा हिशेब झटपट ठेवण्याची ‘टायमिंग व्हील’ ही कल्पना, टोनी लॉक आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर जॉर्ज वर्गीज यांनी 1987 सालीच मांडली होती. असे असूनही, रद्द केलेला टायमर कोणीही पुन्हा लावू शकणार नाही अशी हमी देणारे स्वतंत्र फंक्शन लिनक्समध्ये यावयास 2023 साल उजाडले. मुदत लावणे सुलभ करण्यात आपण जी प्रज्ञा वेचली, तिच्या मानाने मुदत मागे घेण्याकडे किती उशिरा लक्ष गेले, हे यावरून दिसते.

यावर असे म्हटले जाईल की, चाचण्यांत असे दोष सापडतातच. हा भरवसा निराधार आहे. दोन पायऱ्यांमधली ती फट काही मायक्रोसेकंदांची असते. लक्षावधी वेळा जोडणी बिनतक्रार बंद होते आणि पुढच्या वेळी होत नाही. मेमरीचा गैरवापर टिपणारी साधने उपयुक्त असली, तरी तो गैरवापर त्यांच्यासमोर घडावा तर लागतो. थांबण्याने होणारा विलंब हा दुसरा आक्षेप. परंतु जोडणी मिटताना गेलेले काही मिलिसेकंद ही सुरक्षिततेची अत्यल्प किंमत आहे. मात्र एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या ज्या लॉकची कॉलबॅकला गरज आहे, तोच धरून कॉलबॅक संपण्याची वाट पाहू नये, नाहीतर दोघेही कायमचे अडकतात, हे भान विवेकी लेखकाला असलेच पाहिजे.

प्रत्येक मोटारीत लिनक्स असते असे नाही. पण नियंत्रकांतील लहान ऑपरेटिंग सिस्टिमनाही समाप्तीच्या अनुक्रमाचा हाच नियम लागू पडतो. म्हणून माझी सूचना स्पष्ट आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत जोडणी उघडून दाखवण्याइतकेच गुण, संदेशांचा भडिमार चालू असताना ती सुखरूप बंद करून दाखवण्यास द्यावेत. चाकण पट्ट्यातील कारखान्यांनी सॉफ्टवेअरच्या खरेदी-करारात समाप्तीच्या अनुक्रमाचे लेखी विवरण अनिवार्य करावे. आणि सहकाऱ्याचा कोड तपासणाऱ्याने तीन प्रश्न विचारल्यावाचून संमती देऊ नये: नवी मुदत लावू शकणारे सर्व मार्ग बंद केले काय? चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबलात काय? त्यानंतरच मेमरी परत केलीत काय?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असल्यावाचून एकही संदेशवहनाचा कोड वाहनात जाता कामा नये. कारण सदोष कोडचे प्रायश्चित्त तो लिहिणाऱ्याला नव्हे, तर ज्याला त्याचा गंधही नाही अशा प्रवाशाला भोगावे लागते.